थ्रीडी चार्टची मागची रांग

आमचं ऑफिस चाकणच्या कंपनीत, प्रेस शॉपच्या बरोबर वर. खाली पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनच्या ठोक्यांनी कपातला चहा दिवसभर थरथरत असतो.

इथं आकडे लपवायची एक पद्धत आहे. थ्रीडी चार्ट काढायचा. प्रत्येक प्रेसच्या उत्पादनाचे उंच निळे खांब पुढे, अपघातांचे बुटके लाल खांब मागे. कस्टमरला निळंच दिसतं. "वर्षाली, लाल मागे ढकल," असं मॅनेजर अनंत साहेब म्हणाले की माझं डोकं फिरतं. पण धाकटा भाऊ सुजितही इथंच प्रेसवर आहे, म्हणून गप्प बसते.

काल लाल मागे ढकललं आणि रागारागात चार्ट माउसने उलटा फिरवला. लाल खांबांच्याही मागे एक काळा खांब होता, प्रेस दोनवर. शीटमध्ये तसली रांगच नव्हती. चार्ट पुसून नव्याने काढला. काळा तिथंच, थोडा वाढलेला.

दुपारी चहा थरथरायचा थांबला. अपघात झाला की सगळ्या प्रेस बंद करतात. प्रेस दोनवरच्या ज्योतीरामची बोटं गेली होती.

आज सकाळी काळा खांब चारवर होता. चारवर सुजित असतो.

मी साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. "सुजितला चारवरून काढा."

"कारण?"

"हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद आहे. माल लवकर निघावा म्हणून तुम्हीच बंद करायला लावलाय."

त्यांनी आधी दार लावून घेतलं. "सहावर पाठवतो. पण कस्टमरसमोर तोंड उघडलंस, तर दोघं भावंडं उद्यापासून घरी."

सुजितला फोन केला. "ताई, आलोय सहावर. तू उगंच टेन्शन घेतीस."

चार्ट उलटा फिरवून बघितला. काळं कुठंच नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

कस्टमर आले. चहा आला. पडद्यावर समोरून नुसते निळे खांब. अनंत साहेब बोलता बोलता थांबले.

"वर्षाली, हे काळं काय आहे?"

सहाचा निळा खांब सगळ्यांत उंच. त्याच्या मागून एक काळं टोक वर येत होतं.

माउसवर माझा हात नव्हता.

टोक निळ्याच्याही वर गेलं आणि तिथंच राहिलं.

मी कपाकडे बघितलं. चहा थरथरत नव्हता.