शिवण बाहेरच्या अंगाला

"काखेत हात घालून उचलू नको, केलिन. उशीसकट उचल... आणि सदऱ्याची शिवण बाहेरच्या अंगाला ठेव."

अकरा वर्षं झाली त्या शब्दांना, पण जिपारच्या कानांत तो आवाज अजून जसाच्या तसा होता. सासूनं तिला कधी नावानं हाक मारली नाही, नेहमी 'केलिन', म्हणजे घरची सून. आणि त्या हाकेत कधी ओलावाही नसे. त्या एका दिवशी मात्र होता. दवाखान्यातून आणलेल्या बाळाच्या टाचेवर एकच फोड होता, डॉक्टर म्हणाले होते की साधा आहे, जाईल. आणि सासू उंबऱ्यात उशी घेऊन उभी होती! पुढं बाळाला चाळिसाव्या दिवशी घालायच्या सदऱ्यासाठी, तिथल्या रीतीप्रमाणं, नारिन गावातल्या त्या गल्लीतल्या घराघरांतून चिंध्या मागून आणल्या, तेव्हा जिपारनं सासूच्या सांगण्याबरहुकूम शिवणीचे सगळे काठ वरच्या बाजूला घेऊन बाळाचा सदरा शिवला. शेजारणी हसल्या, म्हणाल्या, "अगं, उलटा शिवलास की!" बाळंतपणानं फिकटलेली जिपारही हसली. मनात म्हणाली, माया आहे म्हातारीला नातीची...

मायाच होती. तीच पुढं जिपारच्या मुळावर आली.

पहिलं नातवंड आजीचं, हा तिथला रिवाज. बेगाइम आजीच्या पदराखाली वाढली, आजीलाच 'आपा' म्हणजे आई म्हणू लागली आणि जन्म देणारीला नावानं हाक मारू लागली. एवढं तर घरोघरी चालतं, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. पण बेगाइमची कातडी सायीसारखी होती, जरा घासली की निघून यायची. रोज दुपारी जखमांना चिकटलेल्या पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून सोडवायच्या आणि नव्या बांधायच्या, हे काम जिपारचं. आणि त्या वेळी केसांवरून हात फिरवत गाणं म्हणायचं काम आजीचं.

वाऱ्या हळू ये रे, दार नको लोटू,
पाकळी माझी निजली, तिला नको खेटू...

मुलीच्या जिवाला एवढंच कळलं, की जिपारचे हात म्हणजे दुखणं आणि आपाचा आवाज म्हणजे फुंकर.

त्या दुपारीही तेच चाललं होतं. बेगाइमचे डोळे घट्ट मिटलेले होते. हाताची बोटं जखमा भरता भरता एकमेकांना चिकटून मूठ झाली होती, आणि जिपार त्या मुठीवरची पट्टी थेंबाथेंबानं सोडवत होती.

"आपा, हिला सांग ना, हळू कर म्हणून."

"हळू, केलिन. दगडाचे हात आहेत का तुझे?"

जिपारनं पट्टीवर आणखी थोडं पाणी घातलं. बोलायचं तिनं कधीच सोडलं होतं. नवरा मेदेर रशियात कामाला गेला आणि तिथंच त्यानं दुसरा संसार मांडला, तेव्हासुद्धा ती बोलली नव्हती. जाण्याआधी त्यानं तिच्यासमोर आईला विचारलं होतं, "आपा, खरं सांग, आपल्याकडं कुणाला होतं का असं?" आणि म्हातारी चुलीकडं बघत म्हणाली होती, "आपल्या रक्तात नाही. हिच्या माहेराहून आलंय." बस्स... त्यानंतर जिपारला बहीण राजधानीत, बिश्केकला बोलावत होती, पण जिपार गेली नाही. पट्ट्या कोण बदलणार? आणि गुडघे गेलेल्या सासूला दोन वेळचं कोण वाढणार?

दार वाजलं. बिश्केकहून दामिरा आली होती. हाच आजार असलेल्या मुलांच्या आईबापांनी मिळून तिथं एक संस्था काढली होती, आणि संस्थेकडून मिळणाऱ्या न चिकटणाऱ्या जाळीच्या पट्ट्या घेऊन दामिरा दर शरदात घाट उतरून यायची. तिचा स्वतःचा मुलगा या आजारानं गेला होता. तरी ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी फिरत होती.

जिपारनं हात धुऊन वाडग्यात चहा ओतला.

"काठापर्यंत भरतेस?" सासू खेकसली. "भरला वाडगा देऊन पाहुणीला वाटेला लावायचंय का?"

"लावा की, आपा," दामिरा हसत बसली. "तुमची साय चाटूनपुसून खाल्ल्याशिवाय मी काही हलत नाही."

साय खाऊन झाली आणि तिनं खरी गोष्ट काढली. हिवाळ्यात परदेशातून बिश्केकला डॉक्टर येणार होते, बेगाइमची बोटं ते मोकळी करून देणार होते. खर्च संस्थेचा, राहायला खोलीही संस्थेची. मात्र खोलीत मूल आणि त्याच्या पट्ट्या बदलणारं एकच माणूस राहू शकेल.

"मला पेन्सिल धरता येईल?" बेगाइमनं डोळे उघडले.

"पेन्सिल धरशील, वेणीसुद्धा घालशील. कोण येणार तुझ्याबरोबर? आईच ना?"

"आपा येईल."

"अगं, आपाला जिना कुठं चढवतो?"

"मग मी नाही जात. जिपार नको." मुलीचा आवाज थंड होता, रडका नव्हता. "हिच्याच रक्तानं झालंय मला हे. बाबापण हिच्यामुळं गेला. हो ना, आपा?"

जिपारनं हातातली किटली चुलीवर ठेवली. सासूकडून ऐकणं वेगळं होतं... आणि जिच्यासाठी सगळं गिळलं, तिच्याच तोंडून ऐकणं वेगळं!

"कुणी सांगितलं तुला हे?" दामिरा म्हणाली. "आई आणि बाबा, दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही, बाळा."

"डॉक्टरांचं काय ऐकता," म्हातारी मध्येच बोलली. "आमच्या मेदेरला सात बापांची, पार सात पिढ्यांची नावं तोंडपाठ आहेत. त्यातल्या एकाला तरी होतं का असलं काही?"

"सात बापांच्या नावांत पाळण्यातच गेलेलं मूल कुठं असतं, आपा?" दामिरा सहज बोलून गेली. "माझं लेकरू तरी उद्या कोण मोजणार आहे?"

म्हातारीचा वाडगा ओठांपाशी थांबला.

दामिराला वाटलं, आपण उगीच घरातलं वातावरण कडू केलं. विषय बदलावा म्हणून तिनं बेगाइमचा उलटा सदरा चाचपला. "बाकी जपलंय मात्र छान हं. शिवणी बाहेर. आम्ही प्रत्येक आईला पहिलं हेच शिकवतो. आणि काखेतून उचलायचं नाही, हे दुसरं. मला कळेपर्यंत माझ्या लेकराची पाठ सोलून निघाली होती. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आपानं," जिपार म्हणाली. "घरी आणलं त्याच दिवशी. तेव्हा एकच तर फोड होता..."

आणि बोलता बोलता तिचेच शब्द तिला ऐकू आले.

दामिरानं एकदा सासूकडं पाहिलं, एकदा सुनेकडं. मग "गाडीतून खोकी आणते" म्हणत ती उठली आणि दार हळूच ओढून घेतलं.

"आपा," जिपार म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्हाला आधीच कसं ठाऊक होतं?"

"शिवण टोचते, एवढं कळायला काय लागतं?"

"आणि उशी?"

म्हातारीच्या हातातला वाडगा कलून चहा मांडीवर सांडला, तिला कळलंसुद्धा नाही. जिपार सवयीनं फडकं घेऊन पुढं झाली आणि तिची मांडी पुसू लागली. त्या पुसण्यानंच म्हातारीचा बांध फुटला असावा.

"मेदेरच्या आधी एक झाला होता," ती म्हणाली. "वर कुरणावर असताना. माझ्या सासूनं काखेत धरून उचलला... तर तिच्या बोटांबरोबर कातडी आली. चाळीस दिवससुद्धा नाही काढले त्यानं. सासू म्हणाली, बाहेर कळलं तर या घरात कुणी मुलगी देणार नाही, तोंड शीव. शिवलं."

"आणि मेदेरनं विचारलं तेव्हा?"

"सांगितलं असतं तर तो गेला नसता." म्हातारीनं पहिल्यांदा सुनेच्या डोळ्यांत पाहिलं. "पण एवढं लपवलं म्हणून माझ्या तोंडाकडं पुन्हा बघितलं नसतं त्यानं. माझा एकच मुलगा उरला होता गं... म्हणून तुझा नवरा जाऊ दिला."

जिपारनं फडकं पिळून ठेवलं. या घटकेची तिनं वर्षानुवर्षं वाट पाहिली होती आणि आता हाताशी काहीच लागत नव्हतं. मेदेरचा संसार तिकडं होता, तिची जवानी या कोमट पाण्यात वाहून गेली होती, आणि समोर एक म्हातारी रडत होती, जिला उद्याही तिलाच वाढायचं होतं.

उशीवरून बेगाइम दोघींकडं बघत होती. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. "मग... जिपारचं रक्त वाईट नाही?"

"ते आपल्या घरातही होतं, बेगा," म्हातारी म्हणाली. "आधीपासून. मी तुला खोटं सांगितलं."

मग अर्धी सुटलेली पट्टी लोंबत असलेली ती मूठ मुलीनं जिपारच्या दिशेनं पुढं केली. जिपारनं पाण्यात हात घालून ऊब पाहिली आणि मूठ ओंजळीत घेतली.

बाहेर दामिराच्या पावलांचा आवाज झाला. म्हातारी भिंतीला धरून पुढं सरकली आणि सुनेच्या पाठीशी येऊन टेकली.

"त्या पहिल्याचा सदराही मी उलटाच शिवला होता," ती म्हणाली. "घालायच्या आधीच गेला. तू जा हिला घेऊन, जिपार... तू आई आहेस तिची."