दोन दहाचा निरोप

"हे कागद मीच मागितले," ती म्हणाली. "नवऱ्याच्या गळ्यातला फास मी माझ्याच हाताने आणला."

टेबलावर चौदा पानं होती. आणणारी शिवणकाम करून घर चालवणारी बाई होती, आणि तिची बोटं एकसारखी पदराशी चाळा करत होती.

समोर बसलेल्या वहिनींनी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. निवृत्तीनंतर त्या खासगी तपासाची कामं घेत. शेजारी वही उघडून बसलेले भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, निवृत्त शाळामास्तर. ते वहिनी म्हणत, म्हणून सगळं गावच वहिनी म्हणे. भाऊजींचं डोकं चालायचं, पण सावकाश, आणि त्याबद्दल त्यांना अजिबात वाईट वाटत नसे.

बाईचा नवरा कालव्याच्या दारावर नोकरीला होता. तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी ठरल्याप्रमाणे अडीचला त्याने भोंगा वाजवला आणि दार उघडलं. खाली दोन मजूर गाळ काढायला उतरले होते. त्यांना वर चढायला वेळच मिळाला नाही.

कालव्याच्या कचेरीतल्या साहेबांचं म्हणणं असं, की मजूर उतरताहेत असा मुकादमाचा फोन दोन वाजून पाच मिनिटांनी आला आणि दोन दहाला त्यांनी कॉम्प्युटरवरून दारावरच्या केबिनला निरोप धाडला, 'दार उघडू नका.' गेटमन म्हणत होता, निरोप आलाच नाही. केबिनचा फोन महिनाभर बंद होता. तिथला कॉम्प्युटरचा पडदा निरोप दाखवायचा, पण साठवायचा नाही. म्हणून बायकोने माहितीच्या कायद्याखाली अर्ज केला, की त्या दिवशी साहेबांनी कॉम्प्युटरवर जे जे केलं त्याची पूर्ण नोंद मिळावी. खोटं उघडं पडेल, अशी तिची आशा होती. नोंद मिळाली. नवव्या पानावर दोन दहाचा निरोप ठसठशीत छापलेला होता.

"आता तेच म्हणतात, आला असेल निरोप, माझीच नजर चुकली असेल. चार दिवस घास घशाखाली उतरलेला नाही. उद्या अकराला शेवटची सुनावणी आहे. गुन्हा कबूल करतो म्हणतात." ती रडायला लागली. "माणूस तुरुंगात गेला तर मी वाट बघेन हो. पण ते स्वतःलाच खुनी समजायला लागलेत."

वहिनींनी पानं चाळली. पहिली ओळ कॉम्प्युटर सुरू केल्याची, वेळ नऊ चोवीस. बारा वीसला बंद, बारा छत्तीसला पुन्हा सुरू. एक सत्तावीस ते दोन पाच एवढ्या भागातल्या सगळ्या ओळींवर काळी शाई फासलेली, फक्त वेळा दिसत होत्या. त्यानंतर निरोप.

"काळं फासलंय म्हणजे तिथेच पाणी मुरतंय," भाऊजी म्हणाले.

"मुरतंय खरं. पण कुठे ते बघू."

कचेरीच्या फाटकावरचा पहारेकरी गप्पिष्ट निघाला. वीस वर्षांत कुलूप दहाच्या आधी काढलेलं नाही आणि किल्ली घरच्यांच्या हातीसुद्धा दिलेली नाही, हे त्याने छाती फुगवून सांगितलं. भाऊजींनी ते वहीत लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली ती भलत्याच शब्दाखाली.

माहितीचे अर्ज पाहणारा कारकून मात्र चिडला. आपण नोंदीतला एकही आकडा बदललेला नाही, म्हणाला. साहेबांनी जे खासगी बघितलं त्यावर कायद्याप्रमाणे शाई फासली. वेळ ही काही खासगी गोष्ट नव्हे, म्हणून ती ठेवली. मशीनला कुणी हात लावला होता का, असं वहिनींनी विचारलं. कुणीही नाही, फक्त अपघाताच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मेकॅनिक बोलावून आतला छोटा सेल बदलून घेतला होता. त्याने नोंदी बदलत नाहीत, हेही कारकुनाने बजावलं.

साहेबांची टायपिस्ट घाबरलेली होती. तिला नोकरीची धास्ती असणार. त्या दिवशी वीज मंडळाने सूचना दिल्याप्रमाणे एकला वीज गेली आणि सव्वाला आली, तेवढ्यात तिने डबा खाल्ला. पावणेतीनला साहेबांना फोन आला, त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि तिला बाहेर पाठवून त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. बोलता बोलता तिने साहेबांच्याच कॉम्प्युटरवर एक पत्र पुरं केलं. तारखेखाली वेळ टाकताना तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. समोरच्या पडद्यावर वेळ दिसत होती तरी. वहिनी त्या मनगटाकडे बघत राहिल्या.

साहेब सौम्यपणे बोलले. गेटमनबद्दल मलाही वाईट वाटतं, पण कागद बोलतो, म्हणाले. पावणेतीनचा फोन मुकादमाचाच होता, माणसं गेल्याचा.

परत येताना भाऊजी खचले होते. "वहिनी, कारकून खरा वाटतो. नोंद खरी असेल तर आपला माणूस संपला."

"नोंद खरीच आहे, भाऊजी. म्हणून तर मला झोप लागणार आहे."

दुसऱ्या दिवशी अकराला चौकशीच्या खोलीत सगळे जमले. गेटमन भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. चौकशी अधिकाऱ्यांनी त्याला काही सांगायचंय का विचारलं. तो उठू लागला तसा बायकोने त्याचा हात घट्ट धरला, आणि वहिनी पुढे झाल्या.

"या नोंदीत कुणीही फेरफार केलेला नाही," त्या म्हणाल्या. साहेबांनी मान डोलावली. "पण पहिली ओळ पाहा. कॉम्प्युटर नऊ चोवीसला सुरू झाला. कुलूप दहाला निघतं. मग सुरू केला कुणी? पुढे बघा. वीज गेली एकला, आणि कॉम्प्युटर बंद पडला बारा वीसला. वीज आली सव्वाला, हा चालू झाला बारा छत्तीसला."

भाऊजींनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "चाळीस मिनिटं मागे."

"हो. आतला सेल मरायला टेकलेला होता, म्हणून त्याचं घड्याळ मागे पडलं होतं. कचेरीला त्याची इतकी सवय झाली, की कुणाला ते खटकेनासं झालं. घड्याळ दुरुस्त होऊन तीन महिने झाले, तरी या बाई पत्रावरची वेळ अजून मनगटावरून घेतात. खरं की नाही?"

टायपिस्टने साहेबांकडे पाहिलं, मग गेटमनकडे. "खरं आहे," ती म्हणाली. "पडद्यावरच्या वेळेत चाळीस मिळवायची, हे साहेबांनीच मला शिकवलं होतं."

"म्हणजे शाई फासलेला भाग घडला दोन सात ते पावणेतीन या वेळात. मुकादमाचा पहिला फोन दोन पाचला आला आणि साहेब निरोप विसरून खासगी कामाला लागले. पावणेतीनला दुसरा फोन आला, माणसं गेल्याचा. त्यांनी दार लावलं, आणि दोन पन्नासला निरोप धाडला. यंत्र त्यावर दोन दहा छापणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सेल बदलला, म्हणजे घड्याळ मागे होतं हे कुणाला दिसायला नको."

चौकशी अधिकाऱ्यांनी शाई न फासलेली प्रत मागवली. कारकुनाने ती आणली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"खिडक्यांच्या पडद्यांची कापडं," ते म्हणाले. "नव्या घरासाठी. इंटरनेटवर दुकानांची सदतीस पानं बघितलीत तुम्ही."

खोलीत मेलेल्या मजुरांपैकी एकाची आई बसली होती, ती साहेबांकडे बघत राहिली.

गेटमन हळूच उभा राहिला. "निरोप किती वाजता आला म्हणालात?"

"दोन पन्नास," वहिनी म्हणाल्या.

"तेव्हा मी पाण्यात होतो. एकाचा सदरा माझ्या हाताला लागला होता, सुटला." तो मोठ्याने रडू लागला, तीन महिन्यांत पहिल्यांदाच. भाऊजींनी वही मिटली आणि चष्मा पुसायला घेतला.

मग त्याने बायकोच्या हातातलं नववं पान घेतलं, नीट घडी करून खिशात ठेवलं.

"घरी चल," तो म्हणाला. "भूक लागली."