ऐकू आले की दाबा

आमोद, कानातली ती बोंडे आधी काढ. रागावत नाही, पण ही हकीकत अर्ध्या कानाने ऐकण्याची नव्हे. ऋचा, तूही अशी पुढे सरक. गच्चीवर आता कोणी येणार नाही.

समोरच्या इमारतीतले श्यामसुंदर सर तुम्हांला ठाऊक आहेत. आम्ही दोघे एकाच शाळेत होतो; ते गणित शिकवीत, मी संस्कृत. तिखटमीठ लावून बोलणे त्यांच्या स्वभावात नाही. सांगतो ते त्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. शेवटचे तेवढे मी स्वतः पाहिले.

दोन हजार चोवीसच्या पावसाळ्यात सरांना चिकुनगुनिया झाला. ताप उतरला, आखडलेले सांधे हळूहळू सुटले; पण डाव्या कानात एक बारीक शिट्टी राहिली. दिवसा ती रहदारीत बुडे. रात्री घर निजले, की खोलीभर होई. कानाच्या डॉक्टरांनी सांगितले, अशा तापानंतर हे होते, धोका नाही, तिच्याकडे लक्ष देऊ नका. लक्ष देऊ नका! गणिताच्या मास्तरांना उदाहरण अर्धवट सोडून झोपायला सांगण्यातला प्रकार. सरांच्या मनाने घेतले, की डोक्यात गाठ आहे आणि सारे जण ती लपवीत आहेत. मेंदूचे चित्र काढून झाले, रक्त तपासून झाले. काही निघाले नाही. प्रत्येक निर्दोष अहवालावर त्यांना एकदोन रात्री झोप लागे. पुढच्या रात्री ते पुन्हा उठून बसत, बोटाला प्राणवायू मोजायचे यंत्र लावीत आणि आनंदीवहिनींना हलवून विचारीत, "अगं, माझी जीभ अडखळतेय का?"

"अडखळत नाही. थांबत नाही, एवढीच तक्रार आहे," वहिनी म्हणत.

अखेर वहिनींनी निर्वाणीचे सांगितले, "ही कानाची शेवटची तपासणी. नीट आली, तर पुन्हा दवाखान्याची पायरी चढायची नाही. नाहीतर मी वाघोलीला लेकीकडे चालले. कायमची."

त्या खरोखरच गेल्या असत्या. भरलेली बॅग मी पाहिली होती.

तो शुक्रवार होता. कार्तिक वद्य चतुर्दशी. बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्यावर ते तपासणी केंद्र होते. सरांचा क्रमांक शेवटचा. आत बोलावले तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. तिथे कपाटाहून थोडा मोठा असा एक कक्ष असतो. भिंतींना जाड मऊ अस्तर, एक खुर्ची, बाहेरचे दिसावे म्हणून लहानशी खिडकी. तपासणाऱ्या मुलीने, भाग्यश्रीने, सरांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि हातात एक कळ दिली.

"कळ म्हणजे बटण ना, आजोबा?"

हो. मराठीत कळ म्हणतात.

"सर, आवाज ऐकू आला की दाबायचं," भाग्यश्री म्हणाली. "शंका आली तरी दाबा. आणि मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

"एखादा सुटला तर?"

"परीक्षा नाहीये सर ही."

"तुमची नसेल."

दार लागले. रस्त्यावरचे हॉर्न कोणी पुसून टाकावेत तसे नाहीसे झाले. उरली शिट्टी.

उजवा कान झाला. डावा सुरू झाला. आणि दिवे गेले.

खिडकी काळी झाली. सर उठणारच होते, तेवढ्यात हेडफोनमध्ये आवाज आला. बारीक. त्यांनी दाबले. पुन्हा आला. दाबले. यंत्राला बॅटरी असेल, असे त्यांना वाटले. उठावे, तर एखादा आवाज सुटेल. सुटला, तर अहवाल बिघडेल. बिघडला, तर वहिनी वाघोलीला, आणि त्या घरात आपण शिट्टीबरोबर एकटे. म्हणून हा शहाणा माणूस त्या काळोखात बसून राहिला. दार हाताच्या अंतरावर असून बसून राहिला.

आवाज आणखी बारीक होत गेले. ते टिपण्यासाठी सरांनी श्वास रोखला... आणि त्यांच्या ध्यानात आले, की शिट्टी थांबली आहे.

आजारपणानंतर प्रथमच. हेडफोनही गप्प होता. सरांच्या डोळ्यांत पाणी आले. हीच शांतता त्यांनी देवाजवळ मागितली होती.

त्यांनी आवंढा गिळला.

टिक्.

कळ दाबल्याचा आवाज. पण कळ सरांच्या मुठीत होती. बोट हललेले नव्हते.

त्यांनी श्वास सोडला.

टिक्.

"आजोबा, म्हणजे आत कोणीतरी..."

थांब, ऋचा. मलाही हे सलग सांगवत नाही.

होय. आत कोणीतरी होते. सरांची चाहूल टिपत होते. ऐकू आली, की दाबत होते.

सरांनी हेडफोन काढला. बाही सळसळली. टिक्. खुर्ची करकरली. टिक्. मग ते निश्चल झाले. श्वासही बंद. काही नाही... काही नाही...

टिक्. टिक्. टिक्. टिक्.

त्यांचे हृदय.

ते कसे थांबवणार? भीतीने ठोके वाढले. तिकडची टिकटिकही वाढली. सर उठले. दाराच्या दिशेने हात टाकला. अस्तर. दुसरीकडे टाकला. अस्तर. मऊ. सलग. ढकलले. हलेना. हाक मारावी, तर... तीही ऐकली जाईल. आणि ती टिकटिक आता डाव्या कानाच्या अगदी...

"मग?"

मग शिट्टी परत आली. कानात, खोल. सर तिला बिलगले, हा त्यांचाच शब्द. सगळे लक्ष तिच्यावर लावले. तिच्याआड टिकटिक हळूहळू बुडाली.

दिवे आले. भाग्यश्री समोर उभी होती.

"सॉरी सर, मेन स्विच बघायला खाली गेले होते. पण तुम्ही बाहेर का नाही आलात? दार मी सताड उघडून गेले होते की."

"यंत्र... चालू होतं ना?"

"लाइट गेल्यावर कसं चालेल, सर?"

तपासणी अर्धीच राहिली. घरी वहिनींनी विचारले, "काय निघालं?"

"शिट्टी आहे," सर म्हणाले. "असू दे."

 वहिनींनी आत जाऊन बॅग रिकामी केली. त्यानंतर सरांनी एकही तपासणी केलेली नाही. झोप लागते. मात्र खोलीत रात्रभर पंखा लागतो, थंडीतसुद्धा. निखळ शांतता ते होऊ देत नाहीत.

गडबडीत त्यांचा चष्मा तिथेच राहिला होता. आणायला ते जाईनात, म्हणून मी गेलो. भाग्यश्रीने चष्मा दिला आणि ती घुटमळली.

"आजोबा, तुम्हांला एक दाखवू?"

कक्षाच्या खिडकीवर कानाचा ठसा होता. डाव्या कानाचा. पाळी, वळणे, सारे स्वच्छ. काचेला कान लावून कोणी बराच वेळ ऐकत राहावे तसा. मी रुमाल काढून बाहेरून पुसला. गेला नाही. मन घट्ट करून आत गेलो, आतून पुसला. गेला नाही.

"मीपण पुसून बघितलंय," ती हळूच म्हणाली.

आवाज अडावा म्हणून त्या खिडकीला दोन काचा असतात. मध्ये चार बोटे पोकळी, आणि कडा बनवतानाच कायमच्या बंद केलेल्या.

ठसा त्या दोन काचांच्या मधल्या बाजूने उमटला होता.