मागच्या सालात जायचा खेळ

दूध आटायला अजून वेळ आहे. चारोळ्या कोण खातंय मधल्यामधे? ठेवा त्या खाली. इकडे सरकून बसा आणि मोबाइल उपडे करा सगळ्यांचे. ही गोष्ट सांगताना कुणाच्या तोंडावर उजेड नको मला.

कुठे वाचलेली नाही, नूपुर, आणि मध्ये बोलू नकोस. माझ्या शेजारी घडलेली आहे. परळला आमच्या बिल्डिंगमध्ये, सातव्या मजल्यावर, आमच्या दारासमोरच्या दारात. अनंत चतुर्दशी झाली, त्याच्या दुसऱ्या रात्री. म्हणजे मागचीच पौर्णिमा. तुम्ही फणसवाडीत राहता, तुम्हाला त्या रात्रीचं लालबाग-परळ ठाऊक नाही. दहा दिवस कानाला दडे बसलेले असतात आणि त्या रात्री एकदम सगळं गप्प होतं. ढोलवाले झोपलेले, मंडपवाले झोपलेले, रस्त्यावरची कुत्रीसुद्धा झोपलेली.

मी निघालो होतो डबा परत द्यायला. समोरच्या कालिंदीवहिनींनी मोदक पाठवले होते, त्याचा डबा. आमच्या हिला दुसऱ्यांचा डबा ओट्यावर दिसला की झोप येत नाही. रिकामा कसा द्यायचा म्हणून तिने त्यात बेसनाचे लाडू भरले आणि मला पिटाळलं. जेवण झाल्यावर दोन मिनिटं टेकू द्यायची पद्धतच नाही आमच्याकडे.

वहिनींच्या घरात दोन माणसं. त्या आणि धाकटा यशोधन. थोरला होता ध्रुव. आमची जुनी चाळ पाडून हा टॉवर उठायच्या आधीची गोष्ट. एका रात्री वहिनींचं डोकं चढलं होतं, त्यांनी ध्रुवला खाली मेडिकलमध्ये बाम आणायला धाडलं, आणि नाक्यावर पाण्याच्या टँकरने त्याला... असो. तेव्हापासून त्या घरात बामची बाटली आली नाही. डोकं दुखलं की वहिनी कपाळाला फडकं आवळून पडायच्या. कुणी समजूत घालायला गेलं तर म्हणायच्या, "पाठवलं मी."

यशोला नाद होता एका खेळाचा. तुमच्यापैकी कुणी खेळला असाल तर हसू नका, मी माझ्या भाषेत सांगतोय. टेबलाभोवती बसायचं. एक जण गोष्ट चालवणार, बाकीचे गोष्टीतली माणसं होणार. "मी दार वाजवतो" असं नुसतं तोंडाने म्हणायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. जमलं की फसलं ते फासा सांगतो. आणि ही मंडळी गोष्टीत ज्याला ज्याला भेटतील, त्या सगळ्यांच्या वतीने चालवणाऱ्याने बोलायचं. हवालदार तोच, रिक्षावाला तोच, दार उघडणारी म्हातारी पण तोच.

यशोचा खेळ त्यातही किचकट. त्याच्या गोष्टीत मागच्या सालात जाता यायचं. मागे जाऊन एक खिळा हलवला की इकडे आजची भिंत कलंडायची. मग कोण कुठल्या साली कुठे होतं, कुणाला काय कळलंय आणि काय कळायचं बाकी आहे, ते सगळं यशोने सांभाळायचं. हॉलची एक भिंत चिठ्ठ्यांनी भरलेली आणि चिठ्ठीपासून चिठ्ठीपर्यंत लाल दोरे. दिवसभर इन्शुरन्सच्या ऑफिसात मान मोडायची आणि घरी येऊन दोऱ्यांचा गुंता सोडवायचा. मी म्हणायचो, लग्न कर त्यापेक्षा, गुंता तोच, पण जेवायला तरी मिळेल. हसायचा. गोड पोरगा हो.

त्याचा एक नियम होता, त्यानेच मला समजावला होता. होऊन गेलेली गोष्ट मोडायची, तर फाशावर वीसच पडायला हवेत. आणि मोडली, तर तिथे भोक ठेवायचं नाही. एकाला काढलं की त्याच्या जागी दुसरा बसवायचा. नाहीतर हिशेब लागत नाही, तात्या, म्हणायचा.

आता चूक कुठे झाली ते ऐका. खेळायला दोघं यायची. ऑफिसातला सुशांत आणि दादरची मनवा. दोघंही भारी चिकित्सक. यशोने जुन्या गिरगावातली गल्ली सांगितली की मनवा म्हणणार, हे हॉटेल तेव्हा उघडलंच नव्हतं. सुशांत म्हणणार, मग मागच्या शनिवारी आपण तिथे चहा कसा प्यायलो? झालं, सगळे दोरे काढून पुन्हा लावायचे. यशो वैतागला. म्हणाला, आता अशी जागा घेतो आणि अशी रात्र घेतो की जिचं मला सगळं पाठ आहे. काढा म्हणावं चूक.

त्याने चाळीतली आपली खोली घेतली. आणि ती रात्र घेतली.

वाईट बुद्धीने नाही घेतली. मला विचाराल तर त्याला त्या खोलीत घटकाभर परत बसायचं होतं, बस. त्या दोघांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, यशोने रचलंय.

मी डबा घेऊन गेलो तेव्हा वहिनी आतल्या खोलीत पडल्या होत्या. यशो म्हणाला, बसा तात्या, आईचा डोळा लागलाय. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलो. खेळ चालू होता. मनवा म्हणाली, मी दार वाजवते. यशो आपल्या आवाजात सांगू लागला, दार उघडं आहे, खाटेवर एक मुलगा बसलाय, टॉवेलने केस पुसतोय. सुशांतने त्या मुलाला विचारलं, तुझं नाव काय? यशोने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

आवाज ध्रुवचा आला.

नक्कल मला कळते रे. नक्कल करताना माणूस थोडं जास्त करतो. हे तसं नव्हतं. ध्रुवचा आवाज जरा घोगरा, वाक्य संपताना खाली बसणारा. मी त्याला पाळण्यात असल्यापासून ओळखत होतो. "ध्रुव," तो म्हणाला. "कोण पाहिजे तुम्हाला?"

सुशांतने टाळी दिली, भारी करतोस म्हणाला. यशो हसला नाही. त्याचा हात गळ्याशी गेला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. डोळे यशोचे होते, आणि ते डोळे घाबरले होते. मी उठायला गेलो. उठता येईना. कुणी धरलं नव्हतं मला, नुसतं... उठता येईना.

आत पलंग वाजला.

वहिनी दारात आल्या. कपाळाला फडकं तसंच. केस सुटलेले. त्या यशोकडे बघत नव्हत्या, आवाज जिथून आला तिकडे बघत होत्या.

"ध्रुव?"

"काय गं आई. उठलीस कशाला? डोकं दुखतंय ना अजून? आणतो बाम."

वहिनी टेबलापाशी येऊन खालीच बसल्या. "नको रे. काही नको मला. दुखत नाहीये." त्याच्या गुडघ्याला हात लावला त्यांनी. तो म्हणाला, "असं कसं? हा गेलो नि हा आलो." त्या म्हणाल्या, नको. तो म्हणाला, आलोच. पुन्हा नको. पुन्हा आलोच. किती वेळ चाललं ते ठाऊक नाही. त्या दर वेळी हळू म्हणायच्या, आणि तो दर वेळी तेवढ्याच मायेने, तेवढ्याच घाईत.

मनवाला तेव्हा उमगलं. ती यशोला म्हणाली, थांबव, बंद कर हे. यशोच्या ओठांशी काहीतरी हललं. शब्द आला नाही. त्याचं तोंड त्याचं राहिलं नव्हतं.

वहिनी तिच्याकडे वळल्या. "याला थांबवायला काय करावं लागतं, बाळ?"

मनवा रडत होती. म्हणाली, "वीस पडावे लागतात, काकू."

एवढंच सांगितलं तिने. दुसरा अर्धा नियम नाही सांगितला. सुचला नसेल. मला सुचला होता. जीभ टाळूला चिकटली होती.

वहिनींनी फासा उचलला. यशो डोळ्यांनी नको म्हणत होता. मला दिसत होतं... सुशांतलाही दिसत होतं. वहिनींना नाही दिसलं. त्यांचं सगळं लक्ष त्या आवाजाकडे.

फासा पडला. घरंगळला. थांबला.

वीस.

"बरं," ध्रुव म्हणाला. "नाही जात मी."

वहिनींनी त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांचं रडू. मी पण रडलो, खोटं कशाला सांगू.

मग तोच आवाज. शांत.

"पण बाम तर आणायलाच हवा. यशो जाईल."

यशो उठला. आईचं डोकं त्याने अलगद बाजूला केलं. चपला घातल्या. दार उघडलं. आमची लिफ्ट डावीकडे. जिना डावीकडे. तो उजवीकडे वळला.

उजवीकडे भिंत आहे.

चाळीचा जिना त्या बाजूला होता. तेव्हा.

पावलं ऐकू आली... लाकडावरची. करकरत खाली चाललेली. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये लाकडी पायरी नाही. एक मजला... दुसरा... मग ऐकू येईनाशी झाली.

"यशो," वहिनी म्हणाल्या. हाक मारली नाही. कळल्यावर माणूस म्हणतो तसं.

तेव्हा कुठे माझे पाय सुटले. धावलो. पॅसेज रिकामा. भिंतीला हात लावला. नुसती भिंत. सुशांत लिफ्टने खाली गेला, वॉचमनला विचारून वर आला. खाली कुणी आलं नव्हतं. आम्ही चौघं दारात उभे राहिलो. काय करायचं असतं अशा वेळी? कुणाला फोन करायचा? काय सांगायचं?

आणि मग... पावलं. वर येणारी.

उजवीकडूनच आला तो. धडधाकट. हात रिकामे. "मेडिकल बंद झालं," म्हणाला. यशोचाच चेहरा, यशोचाच शर्ट. आवाजही यशोचा. निदान तेव्हा तरी वाटला. मनवाने त्याला मिठी मारली, सुशांत खुर्चीत कोसळला. टेबलावर यशोचा फोन वाजून बंद झाला. त्याने उचलला, अंगठा लावला. उघडला नाही. शर्टाला पुसून पुन्हा लावला. नाही. सुशांत म्हणाला, चेहरा दाखव. नाही. नंबर टाक मग. तो हसला. म्हणाला, "आठवत नाही रे." मग भिंतीकडे बघून आईला विचारलं, हे दोरे कसले लावलेत?

वहिनी उठून आत गेल्या.

तसं सगळं ठीक आहे. तो ऑफिसला जातो, आईचे पाय चेपतो, लिफ्टमध्ये भेटला की मला हात करतो. सुशांत आणि मनवा पुन्हा आली नाहीत. वहिनी मात्र आठवड्यात निम्म्या झाल्या. त्याला नावाने हाक मारीनात. अरे, ऐक रे, जेवायला ये रे, एवढंच. मी एकदा धीर करून म्हटलं, वहिनी, पोरगा समोर आहे, मनातलं काढून टाका. त्या भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "एकाला थांबवलं मी, तात्या. मग दुसऱ्याला कुणी पाठवलं?"

घरी आलो.

पितृपंधरवड्यात दशमीला ध्रुवचं पान असतं. दर वर्षी पार्किंगवरच्या गच्चीच्या कठड्यावर यशो ठेवतो. यंदाही त्यानेच ठेवलं. भात, वरण, वडे, खीर, ध्रुवला आवडायची ती गवारीची भाजी. पाणी फिरवलं, मागे सरला. परळमध्ये कावळ्यांना तोटा नाही. येऊन बसले ओळीने. पानाला एकही शिवेना. ऊन चढलं. मी हात जोडून म्हटलं, ध्रुव, आईची काळजी करू नकोस, आम्ही आहोत. नाही. तोही म्हणाला, ध्रुवदादा, ये रे. कावळे त्याच्याकडे बघत राहिले. पानाकडे नाही, त्याच्याकडे.

शेवटी वहिनी पुढे झाल्या. कठड्याशी गेल्या. आमच्याकडे पाठ. पदर डोक्यावर घेतला आणि इतक्या हळू बोलल्या की मी दोन पावलांवर होतो म्हणून मला ऐकू आलं.

"यशो... जेव रे बाळा."

कावळा तेव्हाच उतरला. त्याच्यामागे दुसरा. मग सगळे.

तो माझ्या शेजारी उभा होता. त्यानेही ऐकलं, त्यानेही बघितलं. वहिनी तिथेच उभ्या राहिल्या, पानावर एक शीत उरेपर्यंत, मग तेही गेलं.