निवडुंगाला सांगितलेल्या गोष्टी

ती निवडुंगाशी बोलत होती आणि निवडुंगाने उत्तर दिलं. गोष्ट इथूनच सुरू होते.

निवडुंगाशी बोलणारी बाई म्हटल्यावर लगेच भुवया उंचावू नका. प्रोग्राम लिहिणाऱ्यांची ही जुनीच खोड आहे. काम अडलं, चूक सापडेना, डोकं बधिर झालं, की समोर जे असेल त्याला, मग तो कप असो, खेळणं असो की खिडकी, सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं. ऐकणाऱ्याने मध्ये चकार शब्द काढायचा नाही, हीच त्यातली मेख. निम्म्यावर आल्यावर सांगणाराच थबकतो, कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, "हात्तिच्या!" चूक सापडलेली असते.

तिचा श्रोता म्हणजे पार्टिशनच्या कडेवर ठेवलेला एक बुटका, गोल निवडुंग. तो पाणी मागत नसे, सल्ला देत नसे, 'लग्नाचं काय ठरवलंस' असं विचारत नसे. इतके गुण एका ठिकाणी असलेला पुरुष तिला तोवर भेटला नव्हता.

कंपनी बसच्या तिकिटांची होती. म्हणजे बस दुसऱ्यांच्या, तिकीट काढायची सिस्टीम यांची. ती सिस्टीम तिने कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या लिहायला घेतली होती, आणि आता तिशी मागे टाकल्यावरही तीच लिहीत होती. सिस्टीम म्हातारी झाली होती. वरचेवर आजारी पडायची, आणि नाडी फक्त हिलाच कळायची. म्हणून ऑफिसात हिला सगळे 'डॉक्टरीणबाई' म्हणत.

"हे बघ," ती त्या दिवशी निवडुंगाला सांगत होती, "एक माणूस जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटं काढतोय. जायची सीट त्याने धरून ठेवलीय, आता यायची हवी. दुसऱ्या एकाने नेमकी ती यायची धरलीय, आणि त्याला याची जायची हवी. हा म्हणतो, आधी तू सोड. तो म्हणतो, आधी तू. दोघंही सभ्य. दोघंही थांबलेत. पडद्यावर चूक नाही, आरडाओरड नाही... नुसती शांतता. आणि मागे सगळी रांग खोळंबलीय."

"काय व्हायला हवं होतं, आणि काय होतंय?" निवडुंग म्हणाला.

ती ताडकन उठली. पार्टिशन कमरेएवढंच होतं. पलीकडे एक माणूस बसला होता. कानामागे पेन्सिल, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, आणि चेहऱ्यावर पकडल्या गेलेल्या मांजराचा भाव.

"तुम्ही कोण?"

"टेस्टर. आमच्या खोलीत एसी गळतोय, म्हणून आजपासून इथे. तुमच्या कामातल्या चुका काढायला."

"मग एक ध्यानात ठेवा. निवडुंग मध्ये बोलत नाही."

"चुकलं." त्याने कानामागची पेन्सिल सरळ केली. मग हळूच म्हणाला, "पण प्रश्न बरोबर होता ना?"

प्रश्न बरोबरच होता. म्हणून तर तिला राग आला. ती खाली बसली, आणि उत्तर आपोआप तोंडून बाहेर पडलं. "व्हायला हवं होतं असं, की थोडी वाट बघून एकाने माघार घ्यावी. हातातली सीट सोडावी. म्हणजे दुसऱ्याचं तरी काम होईल... हात्तिच्या!"

"आणि दोघांनी एकदमच सोडली तर?" पलीकडून आवाज आला.

"तर काय! दोन्ही सीट रिकाम्या आणि बस तशीच निघून जाईल."

"मग ते आधी बंद करा. नाहीतर उद्या सकाळी तीच चूक काढणार मी."

त्याने खरंच काढली. त्याचं नाव ऑफिसात आधीच पडलेलं होतं: विघ्नसंतोषी. माणूस मात्र नावाइतका वाईट नव्हता. धंदाच तसा. तिने बांधायचं, त्याने पाडून दाखवायचं. अशा दोघांचं जमत नाही असा या व्यवसायातला सर्वसाधारण समज आहे. पण लोकांचे समज आणि लोकांच्या खुर्च्या यांचा मेळ बसत नाही, त्याला काय करणार? रोज आठ तास एक माणूस तुमच्या चुका लक्ष देऊन शोधतो... इतकं लक्ष हल्ली नवरेसुद्धा देत नाहीत.

"हे काय?" ती पार्टिशनवरून वाकून विचारायची. "तुम्ही जन्मतारीख उद्याची टाकलीत. उद्या जन्मणारा माणूस आज तिकीट का काढेल?"

"त्याची आई घाईत असेल."

"आणि नाव म्हणून नुसतं टिंब?"

"लाजरा असेल. सगळेच तुमच्यासारखे तोंडाळ नसतात."

"मी तोंडाळ?"

"झाडाशी बोलता तुम्ही, बाई!"

हळूहळू ती निवडुंगाच्या नावाने त्यालाच सांगू लागली. नियम दोघांनी मिळून ठरवला. सांगणाऱ्याने 'हे बघ' म्हणून सुरुवात करायची. ऐकणाऱ्याने एकदाच तो प्रश्न विचारायचा, आणि मग तोंडाला कुलूप. उत्तर ज्याचं त्याने शोधायचं. नियम तो कटाक्षाने पाळी. ती सांगू लागली की पलीकडे बोटं थांबायची, खुर्ची कुरकुरायची बंद व्हायची. कुणीतरी आपल्यासाठी श्वास धरून बसलंय, असं वाटायचं.

एका सोमवारी तिच्या लक्षात आलं की कुंडी जराशी फिरवलेली आहे. पुढच्या सोमवारीही. उजेड फक्त तिच्या खिडकीतून येई.

"हे तू करतोस?" ती म्हणाली, आणि मग जीभ चावली. 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, तिलाही कळलं नाही.

त्याने ऐकलं, पण चूक म्हणून नोंदवली नाही. "एकाच बाजूने ऊन खाल्लं तर वाकडं होईल ते झाड," तो म्हणाला. "...तुझ्याकडेच झुकत चाललंय."

"काय?"

"निवडुंग."

घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबांनी आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले होते. आता टेबल होतं, पट्ट्या होत्या, फक्त इमारती येत नव्हत्या. जेवताना ते लेकीची फिरकी घेत.

"तुझी इमारत एकदा दाखव तरी."

"दिसत नाही हो ती, बाबा."

"मग पडली तर कळतं कसं?"

"फोन येतो."

बाबा हसले. मग ताटाकडे बघत म्हणाले, "आमच्यात जुनी भिंत पाडायच्या आधी ठोकून बघतात. नकाशात ती साधी आडभिंत असते. पण वर्षं जातात, वरचं घर हळूच तिच्यावर टेकतं. कुणी सांगत नाही. पाडल्यावरच कळतं, भार कोण घेत होतं ते."

"आमच्यातही तसंच आहे," ती म्हणाली. तेव्हा ती सिस्टीमबद्दलच बोलत होती.

मग एका सकाळी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साहेब वाईट बातमी सांगताना पाण्याचा ग्लास पुढे सरकवत. त्या दिवशी त्यांनी दोन सरकवले.

"जुनी सिस्टीम बंद करतोय. नवी विकत घेतली, तयार. सोमवारपासून हा मजलाच रिकामा. पण तुझ्यासाठी चांगली बातमी आहे हं! मुख्य ऑफिसला आर्किटेक्ट, म्हणजे सिस्टीमचे आराखडे आखायचे. दुसऱ्या शहरात, पण केबिन आहे. आज संध्याकाळपर्यंत सांग."

"तिथे लिहायचं काय?"

"लिहायचं काही नाही! चौकोन काढायचे, बाण काढायचे. लिहितील पोरं. आता किती दिवस लिहिणार आहेस? वाढायला नको माणसाने?"

ती बाहेर आली. या धंद्यातली वाढ अशीच असते. सुतार चांगला निघाला की त्याच्या हातातला रंधा काढून घेतात, आणि खुर्चीवर बसवून त्याला लाकडाबद्दल बोलायला लावतात. आणि सिस्टीम? ऐन उमेदीची वर्षं तिने जिच्यात ओतली, ती सोमवारी एका बटणाने जाणार. मागे वीटही उरणार नाही. बाबांच्या इमारतींत निदान माणसं राहत होती. नाही म्हणावं, तर इथे उरलंय काय?

उरलं होतं. पार्टिशनपलीकडे, कानामागे पेन्सिल लावून.

दुपारी काचेवर पावसाची बारीक भुरभुर सुरू झाली. ती खुर्चीत बसली, निवडुंगाकडे तोंड करून.

"हे बघ," ती म्हणाली, "एक बाई आहे. तिला बढती मिळतेय, लांब. काम नावडतं आहे. पण तिला अडवणारं इथे काही... म्हणजे कुणी आहे की नाही, तेच तिला कळत नाहीये."

पलीकडे बोटं थांबली. खुर्ची कुरकुरायची बंद झाली. मग, नेहमीपेक्षा खालच्या आवाजात, "काय व्हायला हवं, आणि काय होतंय?"

"होतंय असं, की ती जातेय. आणि व्हायला हवं ते... कुणीतरी म्हणायला हवं..."

वाक्य तिने तिथेच सोडलं. मुद्दाम. एखादीने दार लोटून ठेवावं, कडी न लावता, तसं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, उठून बघायचं ना पलीकडे! पण माणसाचं असंच असतं. यंत्राला 'किती वेळ थांबायचं आणि मग काय करायचं' हे स्वच्छ लिहून देणारी ही बाई स्वतः मात्र थांबून राहिली. पलीकडून शब्द आला नाही. उसासा नाही, खोकला नाही. नियम म्हणजे नियम. काचेवरचे थेंब सुकले तेव्हा ती उठली, केबिनमध्ये गेली आणि साहेबांना 'हो' म्हणाली. शांततेचा अर्थ तिने लावला, आणि चुकीचा अर्थ लावताना माणूस फार हुशार असतो.

शेवटच्या दिवशी ती खण रिकामा करत होती. मजल्यावर सामसूम. बहुतेक टेबलांवर नुसत्या वायरी. तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"हे बघ..."

तिचा हात खणातच राहिला. तो तिच्याशी बोलत नव्हता. निवडुंगाशी बोलत होता.

"एक टेस्टर आहे. एका सकाळी त्याला सांगितलं, सिस्टीम जाणार, म्हणजे तूही जा. बंद पडणाऱ्या गोष्टीच्या चुका कोण शोधणार? त्याच दुपारी एका बाईने त्याला विचारलं. म्हणजे विचारलं नाही, अर्धवट सोडलं. पुढचा शब्द त्याच्या जिभेवर होता. पण त्याला वाटलं, आपली नोकरी गेलेली, हिला बढती मिळालेली. आपण कोणत्या तोंडाने 'थांब' म्हणायचं? नियम सोयीचा पडला. त्याच्या आड तो लपला."

तिने हात खणातून काढला. मग तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं?"

"व्हायला हवं होतं... 'जाऊ नकोस'. निदान 'माझ्याकडे बघ' तरी." तो थांबला. "झालं असं, की तू 'हो' म्हणालीस हे कळल्यावर संध्याकाळी मीही पडून असलेल्या एका नोकरीच्या पत्रावर सही केली. जहाजांची यंत्रणा तपासायची. दोन वर्षं, समुद्रावर. उद्या निघतोय."

ती उठून उभी राहिली. तोही उभा होता. पार्टिशन कमरेएवढंच... इतके दिवस कमरेएवढंच होतं. त्याचे डोळे लाल होते. पेन्सिल कानामागे नव्हती. हातात होती, मधोमध मोडलेली.

"मीही बघू शकले असते रे," ती म्हणाली. "नुसतं उठायचं होतं."

"दोघंही सभ्य," तो म्हणाला.

"आणि मग दोघांनी एकदमच सोडलं."

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हे आधी बंद कर म्हणून." तो हसायला गेला आणि ते हसू निम्म्यावरच मोडलं.

"सिस्टीममध्ये केलं होतं बंद," ती म्हणाली. "तिथे परत कधी झालं नाही."

त्याने हात पुढे केला, तिच्याकडे नाही, कुंडीकडे. सोमवार नव्हता, तरी त्याने ती जराशी फिरवली आणि उचलून तिच्या हातात दिली. बोटं बोटांना लागली. एक काटा कुणाला तरी टोचला. कुणाला, ते दोघांनीही सांगितलं नाही.

"बोटीवर नेता येत नाही," तो म्हणाला. "पाणी कमी घाल. आणि... बोलत जा त्याच्याशी."

"तू आवडतोस मला," ती म्हणाली. इतक्या दिवसांचं वाक्य, आणि किती साधं होतं ते.

"मीही," तो म्हणाला. "म्हणजे मलाही. तू." शेवटच्या परीक्षेत टेस्टर स्वतःच अडखळला. खालून टॅक्सीवाल्याचा हॉर्न वाजला, तिच्या सामानासाठी.

नव्या ऑफिसात तिच्या केबिनला तिन्ही बाजूंनी काच आहे. उजेड सगळीकडून येतो. कुंडी फिरवायची काही गरज नाही. तरी दर सोमवारी ती फिरवते. पोरं तिच्याकडे चौकोन आणि बाण घेऊन येतात, मान डोलावून परत जातात. दरवाजावर तिचं पद लिहिलंय, मोठ्या अक्षरात. फोनवर बाबा विचारतात, "भिंती पक्क्या आहेत ना तिथल्या?" आणि ती म्हणते, "भिंती नाहीतच हो बाबा, सगळी काच आहे."

कधीतरी दुपारी ती खुर्ची निवडुंगाकडे वळवते.

"हे बघ," ती म्हणते. सगळं पहिल्यापासून सांगते. आणि निम्म्यावर येऊन थांबते. अडलेलं असतं म्हणून नव्हे. तिथे कुणीतरी एक प्रश्न विचारत असे, तेवढी जागा ठेवायची म्हणून.

निवडुंग नियम पाळतो.