खाट सात, कायम भरलेली

हसू नका, आधी ऐका. त्या दुपारी मी हॉस्पिटलात गेलो होतो तो फक्त जुना प्रोग्रॅम बंद करून माझा नवा चालू करायला.

कुठली खाट रिकामी, कुठली भरलेली ते दाखवणारा जुना प्रोग्रॅम हॉस्पिटलातल्या जुन्या कारकुनाचा, अण्णांचा, तीस वर्षांपूर्वीचा. त्यात एक ओळ होती: खाट सात कायम भरलेली दाखवायची. कारण कुठेच लिहिलेलं नाही. विचारलं, तर अण्णा म्हणाले, "राहू दे ती ओळ. तुला काय करायचंय?"

ही म्हाताऱ्यांची खोडच. कारण पोटात ठेवायचं, वर आमचीच अक्कल काढायची. कॉलेज सोडलेला म्हणजे बिनडोक, हे यांचं ठरलेलंच. मी सगळं कोऱ्या पाटीवर नव्याने लिहिलं आणि ती ओळ गाळली.

चालू होताच प्रोग्रॅमने पहिली रिकामी खाट दिली, सात. पहिला रुग्ण माझी मावशी. पित्ताशयाचं साधं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी. कॉलेज सोडलं तेव्हा घरात माझी बाजू घेणारी ती एकटीच.

चादर घालताना सिस्टर थबकल्या. "सात? इथे आम्ही कुणाला घेत नाही..."

"का?"

"प्रोग्रॅम भरलेली दाखवायचा ना."

मावशी आडवी झाली. वॉर्डभर फिनेलचा वास होता. तिच्या उशाशी मात्र वर्षानुवर्षं बंद असलेल्या कपाटाचा यायला लागला. पंखा गरगरत होता आणि खिडकीचा पडदा जराही हलत नव्हता. मावशी थोडी सरकली. मग आणखी. पार कडेला आली.

"अगं, पडशील ना!"

"मग हिला सांग की जरा सरकायला..." ती कुजबुजली. "केवढी गार आहे रे ही..."

तिच्या शेजारी चादर खोल दबली होती. माणसाएवढी.

मी मावशीला अक्षरशः ओढून शेजारच्या रिकाम्या खाट आठवर नेलं. अण्णांना फोन लावला. त्यांनी पहिलंच विचारलं,

"ओळ काढलीस?"

"का होती ती? एकदाचं सांगा ना!"

"मला तरी कुठे ठाऊक आहे... माझ्या आधीच्या रजिस्टरात होती. मी तशीच उतरवली."

तीस वर्षं! आणि एकदाही विचारलं नाही या माणसाने. मीही कुठे नीट विचारलं म्हणा.

मी ओळ परत घातली. प्रोग्रॅम पुन्हा चालू केला.

स्क्रीनवर सात अजूनही रिकामी.

आठसमोर आकडा आला, रुग्ण दोन.

एका खाटेवर दोन रुग्ण दाखवायची सोय मी ठेवलीच नव्हती. आणि मागे मावशी हळूहळू कडेला सरकत होती...