नव्या आवृत्तीतला नवल

धुळे-जळगाव एसटीत, पारोळ्याच्या अलीकडे, माझी पिशवी कलंडली आणि वीस बाजूंचा फासा घरंगळत पुढच्या सीटखाली गेला. तो उचलून देणाऱ्या मुलानं आधी आकडा पाहिला.

"सतरा. वाचलात!"

मी बघतच राहिले. आमच्याकडे हा फासा ओळखणारा माणूस? "तुम्ही खेळता?"

"पुण्यात खेळायचो. इथे कोण खेळणार..."

"आम्ही. दर रविवारी, जळगावला, रूपालीच्या गच्चीवर."

असा नवल आमच्यात आला. रूपाली माझी मैत्रीण, अमृत तिचा भाऊ. टेबलाभोवती बसून आम्ही गोष्ट खेळायचो. मी ती सांगणारी, बाकीचे तिच्यातली पात्रं. एरवी नवल नरडाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. गच्चीवर मात्र तो रणधीर नावाचा तलवारबाज व्हायचा, आणि चहा ओतताना पहिला कप न विचारता माझ्याकडे सरकवायचा. एवढंच. पण मला ते आठवडाभर पुरायचं.

मग हिवाळ्यात खेळाच्या नियमपुस्तकाची नवी आवृत्ती आली. सगळे हरखले, नवल सोडून.

"जाऊ दे ना व, दिपा. आपला जुनाच बरा शे," तो अहिराणीवर आला.

"वाचून तर बघ!"

"वाचलं. लढाईआधी म्हणे पात्रानं मोठ्यानं सांगायचं, कुणाला गमावायची भीती वाटते ते. ही काय लढाई झाली?"

"मग काय झालं?"

"उघडं पडणं," तो हसत म्हणाला. नजर मात्र ताटातल्या भरितावर.

पुढच्या रविवारी तो आलाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी मावशीचं निमित्त काढून मी पॅसेंजरनं नरडाण्याला उतरले. फोन करताच तो कारखान्यातून धावत स्टेशनवर आला, केसांत कापसाचे तंतू.

"एका खेळासाठी इतक्या लांब?"

"नाशिकचं स्थळ आलंय, नवल. सोमवारी कळवायचंय."

तो रुळांकडे बघत राहिला. "मुलगा कसा आहे?"

"चांगला आहे. तीच तर अडचण." मी त्याच्याकडे पाहिलं. "रविवारी ये. नव्या नियमांनी एकच डाव... माझ्यासाठी."

तो म्हणाला, "येतो."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून उगाचच हसत होते.

रविवारी तो आला. गोष्टीत पूल होता, पलीकडे शत्रू. मी विचारलं, "रणधीर, कुणाला गमावायची भीती वाटते?"

नवलनं फासा खाली ठेवला.

"एक मुलगी आहे," नवल हळूहळू बोलू लागला. "गोष्टी सांगते. ती बोलायला लागली की मी कोण ते विसरतो. ती गेली तर... रविवार कसा काढायचा, मला ठाऊक नाही."

रणधीरच्या राज्यात रविवार नव्हता.

रूपालीनं अमृतला पुऱ्या आणायच्या म्हणून खाली ओढत नेलं. आम्ही दोघंच उरलो.

"हे कोण बोललं, नवल?"

"रणधीर."

"त्याला रविवार कुठून माहीत?"

"दिपा... वडिलांनी धुळ्यातच मुलगी बघितलीय माझ्यासाठी. सुपारी फोडायचा दिवसही ठरला. त्यांच्यासमोर मला नाही म्हणता येत नाही."

"आणि मला?"

"तुलाही नाही म्हणता आलं नाही. म्हणून तर आलो आज."

मला रडू आलं नाही, राग आला. एवढं सुंदर बोलता येतं याला, आणि स्वतःच्या नावानं एक शब्द नाही!

पुऱ्या आल्या. मी लढाई सांगून संपवली. रणधीर छान लढला, जिंकला. जिन्यात नवल थांबला, काहीतरी म्हणणार होता... मी वाट पाहिली नाही.

सोमवारी मी नाशिकला नकार कळवायला सांगितलं. आई भांड्यांतून हात काढून माझ्यासमोर येऊन बसली.

"खरं सांग, दुसरं कुणी आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

आणि ते खरं होतं.